सहाशे मीटरवरचा डबा

नागपूरला जायचं ठरलं तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, मोबाइलवर सगळं दिसतं, वेगळं यंत्र कशाला?” मी त्याचं ऐकलं नाही. मी कुणाचंच फारसं ऐकत नाही, हे साताऱ्यात माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारा. पुण्यात गाडी बदलायची होतीच, म्हणून एक दिवस आधी निघालो आणि तिथल्या दुकानात जाऊन हातात मावणारं जीपीएस यंत्र विकत घेतलं.

डबा शोधायचा होता. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. एकानं कुठंतरी डबा लपवायचा आणि त्याचे अक्षांश-रेखांश कळवायचे, दुसऱ्यानं जाऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथंच परत ठेवायचा. माझा धाकटा भाऊ विलास याला या खेळाचं वेड होतं. नोकरीनिमित्त तो नागपूरला गेला, तिथलीच बायको केली, बेसा भागात घर बांधलं. एक डबा त्यानं फक्त माझ्यासाठी लपवला. इतरांना आकडेच दिले नाहीत. पहिलं नाव दादाचं पडलं की मग जगाला कळवीन, म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या भाचीच्या लग्नाला गेलो होतो. विलास मांडवात अडकलेला, म्हणून मी एकटाच मोबाइल घेऊन डबा शोधायला गेलो. दोन तास काट्यांत फिरलो, धोतर फाटलं, डबा नाही. तिथूनच त्याला फोन लावला. “तुझे आकडे चुकलेत. मोजणी कशाशी खातात माहीत आहे का तुला? तीस वर्षं हेच केलंय मी.” तो म्हणाला, “दादा, परत एकदा बघ ना.” मी फोन ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून आलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यानंतर आमचं बोलणं दिवाळी-दसऱ्याच्या निरोपापुरतं राहिलं. आणि गेल्या वर्षी धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्याचं हृदय थांबलं. मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आता वर्षश्राद्धाला निघालो होतो. डबा खरंच आहे की नाही, एवढं मला बघायचं होतं. नसला तर माझं बरोबर. असला तर काय, याचा विचार मी मुद्दाम केला नव्हता.

दुकानात दोन यंत्रं समोर ठेवली. एक बोटानं पडदा सरकवायचं, एक बटणांचं. उन्हात घामेजल्या हातानं पडदा कधी ऐकत नाही, म्हणून बटणांचं घेतलं. शिवाय त्याला साधे पेन्सिल सेल चालतात, ते कुठल्याही टपरीवर मिळतात. दुकानदार सज्जन माणूस होता. “काका, सेटिंग करून देऊ?” म्हणाला. म्हटलं, “मोजणी खात्यात जन्म गेलाय माझा.” गाडीत बसल्यावर मी ते यंत्र अंश, मिनिटं, सेकंद असं लावून टाकलं. आमच्या खात्यात असंच लिहीत असू. आणि विलासचे आकडे त्यात भरले.

सकाळी बडनेऱ्याला चहा घेतला, तोंडाला चव काही केल्या येत नव्हती. नागपूर आलं. रेखा, विलासची बायको, दारातच उभी होती. वर्षभरात पार वाळली होती पोर. तिनं गोळाभात (डाळीच्या भरड्याचे गोळे घातलेला भात) केला होता. वर फोडणीचं तेल घालत म्हणाली, “त्यायले लय आवडे. घ्या न दादा, तुमी तं काहीच खाऊन नाई राहिले.” मी घेतलं. दोघंही खाली मान घालून जेवलो.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध पार पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी रेखाला काही न सांगता रिक्षा करून निघालो. मोकळ्यावर उभं राहून यंत्राला उपग्रह सापडेपर्यंत पाच मिनिटं थांबलो. मग चालत राहिलो. जागेवर उभं राहिलं की बाण भरकटतो, हे मला नव्यानं कळलं. बाणानं मला नेमकं दोन वर्षांपूर्वीच्या जागी आणून सोडलं. तेव्हा माळ होता, आता तिथं लेआउट (प्लॉट पाडलेली जमीन) होता आणि फाटकाशी एक म्हातारा रखवालदार.

“काय शोधून राहिले काकाजी?”

“डबा.”

“कायचा डबा?”

“भावानं ठेवलेला.”

त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा हातातल्या यंत्राकडं पाहिलं आणि स्वतःची खुर्ची मला दिली. मला वेडा समजला असावा. तासभर मी त्या प्लॉटांचे कोपरे उकरत होतो. काही नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची लगेच इतकी लाज वाटली, की खुर्चीत बसून मी रेखाला फोन केला आणि सगळं सांगितलं.

अर्ध्या तासात ती स्कूटरवर आली. “काहून एकटे आले? मले आवाज द्यायचा न.” तिनं पिशवीतून विलासचं जुनं यंत्र काढलं. कोपरे झिजलेले, मागं चिकटपट्टी. सेल संपले होते, माझ्या यंत्रातले काढून घातले. जतन केलेल्या खुणांची यादी उघडली. पहिलीच खूण होती, ‘दादा’.

ती निवडली. यंत्र म्हणालं, इथून सहाशे तीस मीटर, नैऋत्येला.

“जागा बदलली त्यानं,” मी उखडून म्हणालो. “मला न सांगता!”

“नाई दादा. ते असं करणारे नव्हते.”

मी खुणेचे आकडे वाचले. मला पाठवलेलेच होते. एकवीस अंश, चार मिनिटं, पुढं टिंब आणि चारशेवीस. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. या खेळातले लोक सेकंद वापरतच नाहीत. ते चारशेवीस म्हणजे मिनिटाचे हजारावे भाग होते, जेमतेम पंचवीस सेकंद भरतात. मी ते सेकंद समजून धरले होते, बेचाळीस पूर्णांक शून्य. रेखांशातही तेच. एका सेकंदाला जमिनीवर तीस-एक मीटर. मी दोन्ही वेळा, दोन वर्षांच्या अंतरानं, सहाशे मीटर दूर उभा राहून त्याला मूर्ख म्हणत होतो.

रेखानं विचारलं, “काय झालं?” मी विलासचं यंत्र तिच्या हातात दिलं. “चल,” एवढंच म्हणालो.

वस्ती संपली, तुरीचं शेत लागलं. धुऱ्यावर (बांधावर) एक बाई गवत कापत होती. रेखाच्या हातातलं यंत्र बघून ती उभी राहिली. “हे तं त्या चष्मेवाल्या भाऊचं मशीन हाय. लय दिवस झाले, दिसले नाई ते. तू कोण वं त्यायची?”

“बायको,” रेखा म्हणाली. “ते गेले.”

बाईनं विळा खाली ठेवला. म्हणाली, “त्या दगडापाशी बसून राहायचे. मी म्हणो, काय मोजून राहिले भाऊ? तं हासायचे.”

शेवटचे दहा मीटर राहिले की यंत्र खिशात ठेवायचं आणि डोळे वापरायचे, असं विलास सांगायचा. मला डोळेही वापरावे लागले नाहीत. धुऱ्याच्या टोकाला हद्दीचा दगड होता. जन्मभर मी असे दगड रोवले. दादासाठी जागा शोधताना त्यानं हद्दीचा दगड शोधला होता. मागच्या कपारीत, चपट्या दगडाखाली, स्टीलचा डबा होता.

वहीच्या पहिल्या पानावर विलासचं अक्षर. ‘पहिली ओळ दादाची.’ खाली कोरं. मी वही मिटणार होतो, तेवढ्यात रेखानं शेवटची पानं उघडली. डबा लपवणाऱ्यानं अधूनमधून येऊन तो तपासायचा असतो, त्याच्या नोंदी होत्या.

‘डबा कोरडा. वही ठीक.’

‘दादा येऊन गेला. सापडला नाही म्हणाला. माझंच काहीतरी चुकलं असणार, दादा मोजणीत चुकायचा नाही.’

‘परत मोजलं. अर्धा तास यंत्र दगडावर ठेवलं. तेच आकडे येतात.’

‘पावसाळ्यानंतर परत मोजलं. तेच.’

‘सकाळी, दुपारी दोन्ही वेळा मोजलं. तेच. चूक सापडत नाही. दादाला विचारावं म्हणतो, पण रागवेल.’

त्यानंतर काही नव्हतं.

मी धुऱ्यावर बसलो आणि रडलो. त्या गवतवाल्या बाईसमोर, भावजयीसमोर, सत्तरीचा माणूस, हुंदके देऊन. रेखा शेजारी बसून राहिली. “ते घरी आले का म्हणत, माझं काय चुकून राहिलं समजतच नाई. मले वाटे, ऑफिसचं असंन.”

पहिल्या ओळीवर मी नाव लिहिलं. खाली लिहिलं, ‘आकडे बरोबर आहेत. चूक माझी.’ वही सोबत न्यावी असं फार वाटलं. रेखा म्हणाली, “त्यायनं इथं ठेवली न दादा. राहू द्या.” खेळाचा नियमही तोच. डबा कपारीत ठेवला, वर चपटा दगड ठेवला.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी पकडली. समोरच्या बाकावर एक कुटुंब होतं, त्यांनी संत्री दिली, ती हातातच राहिली. शेतं मागं जात होती आणि मला माझी नोकरी आठवत होती. मोजणीला गेलो की आमची एक रीत असे. एकानं आकडा वाचायचा, दुसऱ्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा, आणि मगच कागदावर घ्यायचा. वादातली जमीन असो, शिव्या देणारा शेतकरी असो, त्याच्यासमोर उभं राहून मी आकडा परत म्हणून घेतला आहे. तीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. त्या दिवशी फोनवर मी विलासला “तू वाच, मी म्हणतो” एवढं म्हटलं असतं, तर त्यानं वाचलं असतं, “चार दशांश चार दोन शून्य मिनिटं,” आणि मला तिथल्या तिथं कळलं असतं. परक्या माणसांसाठी मी ते रोज करत होतो. भावासाठी अर्धं मिनिट लागलं असतं.