मधली रांग

सिग्नलला आमच्या शेजारी एक लाल, दोन दारांची चिमुकली गाडी येऊन थांबली. आमच्या उंच गाडीतून ती उन्हात ठेवलेल्या कुंकवाच्या करंड्यासारखी दिसत होती. आत एक जोडपं होतं, आमच्याच वयाचं. बाई संत्रं सोलत होती आणि एकेक फोड, न बघताच, नवऱ्याच्या तोंडात देत होती. दोघांचे खांदे एकमेकांना टेकले होते. काचा बंद होत्या, तरी संत्र्याचा वास मला आला असं उगाच वाटलं.

आमची गाडी सात माणसांची. मुलं लहान असताना घेतलेली. तेव्हा ही मधल्या रांगेत बसायची, म्हणजे मागेपुढे सगळ्यांना चिवडा पोचायचा. मुलं परगावी गेली. ही अजून मधेच बसते. पाय लांब करते, पाठीला उशी घेते, सुखात असते. आणि मी पुढे एकटा, भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर असल्यासारखा. आरशात तिचं कपाळ तेवढं दिसतं. ऐसपैस जागेत माणसं किती अलगद दूर जातात, दोर सुटलेल्या होड्यांसारखी, कुठे धक्काही न लागता.

"चिवडा घेताय का?" तिनं मागून विचारलं. डबा धरलेला हात दोन सीटांच्या मधून आला आणि माझ्या खांद्यापाशीच थांबला.

सिग्नल सुटला. लाल गाडी निघून गेली. मी आमची गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"पुढे ये ना."

"अहो, इथे पाय पसरता येतात," ती म्हणाली, आणि वाकून चपला शोधू लागली.