पुष्पाताईंच्या गाडीचं ऑइल

ऑइल बदलून आणलं की पुष्पाताई आम्हाला गप्प बसवायच्या. वरवंडहून कुरकुंभच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या आम्ही सातजणी त्यांच्या व्हॅनमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या, प्रत्येकीचं काहीतरी सांगणं चाललेलं. ताई मागं न बघता हात वर करायच्या. "बोलू नका गं. आवाज ऐका. कालपतुर घसा बसल्यागत व्हती, आन् आज बघा, लोण्यावानी चाललीय."

आम्हाला काही फरक कळायचा नाही, पण तसं म्हणायची सोय नव्हती. पन्नाशीच्या ताई अंगानं दणकट, बोलायला त्याहून. नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसला तेव्हा त्याची गाडी विकायला न काढता त्या स्वतःच चालवायला शिकल्या होत्या. गाडीतलं मला कळतं, हा त्यांचा अभिमान रास्तच होता.

गॅरेजवाले अशोकमामा मात्र ऐकायचे नाहीत. "ताई, लई दिस तसंच ठेवलेलं ऑइल बदललं तर फरक कळंल. तुम्ही येळच्या येळी बदलता, तुम्हाला कुठनं कळणार?"

"तुम्ही खालून बघता मामा. चालवते मी."

एकदा मामांनी गंमत केली. ऑइल बदलायला आलेली व्हॅन नुसती धुऊन पुसून परत दिली. दुसऱ्या दिवशी वाटेतलं पाटस येईपर्यंत ताई नव्या ऑइलचं कौतुक करत होत्या. पाळी संपवून परतलो तर मामा गॅरेजबाहेर उभे. हसत हसत त्यांनी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. आम्ही पोट धरून हसलो. ताई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी जरा वेळ स्टिअरिंगवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "म्हंजी गाडी न्हाई, माझं मनच पळत व्हतं. घाला मामा, आता खरं ऑइल घाला."

तेव्हापासून त्या बदलल्या. आवाज ऐकवणं बंद झालं. रोज सकाळी बॉनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढायची, फडक्यानं पुसायची, परत घालून बघायची, मगच चावी. आम्ही ताटकळायचो. "काल तर मस्त चालत होती ताई," एखादी म्हणायची. "मला तर रोजच मस्त वाटतीय. वाटण्यावर न्हाई जायचं."

एका सकाळी पट्टी कोरडीच बाहेर आली. ताईंनी वाकून पाहिलं, तर गाडीखाली काळं थारोळं. "गाडी निघायची न्हाई," त्या म्हणाल्या.

नव्यानंच लागलेली रेखा रडकुंडीला आली. "ताई, आज उशीर झाला तर मला काढतील. हळूहळू न्या की."

"न्हाई."

त्या आम्हाला घेऊन हायवेवर चालत आल्या, हात करून दुसऱ्या कंपनीची बस थांबवली आणि स्वतःही आमच्याबरोबर चढल्या. गेटवर सुपरवायझरनं रेखाला घड्याळ दाखवलं, तशा त्या पुढं झाल्या. "उशीर माझ्या गाडीनं झालाय. हिला काय बोलू नका, मला बोला." त्यानं एकदा ताईंकडं पाहिलं आणि सगळ्यांना आत सोडलं.

खालचा बोल्ट ढिला होऊन रातोरात ऑइल गळालं होतं. "तशीच काढली असती, तर हायवेवर ट्रकांच्या मधी इंजिन जाम झालं असतं," अशोकमामा म्हणाले. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पुढं नवरा गेला. शिरूरला दिलेल्या लेकीनं हट्टानं ताईंना स्वतःकडं बोलावून घेतलं. व्हॅन विकली. निरोप द्यायला आम्ही स्टँडवर जमलो, तेव्हा मी विचारलं, "ताई, गाडीबिगर करमंल का तुम्हाला?"

"आत्ता कसं सांगू? ऱ्हाऊन बघते, मग सांगते."

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. मागं पोरांचा कलकलाट ऐकू येत होता.

"न्हाई करमलं," ताई म्हणाल्या. "शाळेच्या गाडीवर लागलीय."