उजव्या मडगार्डावरचे ओरखडे

माझ्या टेबलावर आलेलं खेळण्यातलं मशीन नवं कोरं राहत नाही. हातभर ट्रॅक्टर असो, वीतभर मळणी यंत्र असो, नाहीतर हळद शिजवायचा कुकर असो, आधी मी ते लेकराला न्हाऊ घालावं तसं नीट रंगवते आणि मग चार-सहा दिवस बसून त्याची पार दैना करते. रंगाचे पोपडे काढते, बोल्टाखालून गंजाचा ओघळ आणते, सायलेन्सरच्या तोंडाला काजळ फासते.

सून म्हणते, "आत्याबाई, लोक जुनं नवं करतेत. तुमी नव्याचं जुनं करून राहिल्या!"

"मी बी एकदा नवी होते," मी म्हणते. "पाहण्यासारखं काय होतं माझ्यात?"

डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा हे खूळ लागलं. एवढं लख्ख दिसायला लागलं की नातवानं चाक मोडून फेकलेला खेळण्यातला ट्रॅक्टरसुद्धा मला खोटा दिसला. एवढा लाल, एवढा चकचकीत ट्रॅक्टर आमच्या डोंगरकड्याच्या शिवारात कुणी पाहिलाय? मग मोबाईलवर बघून बघून शिकले. आधी गंजासारखा तपकिरी रंग द्यायचा. तो वाळला की ओला हात फिरवून, खऱ्या मशीनचा रंग जिथं उडतो तिथं जाड मीठ चिकटवायचं. वरून लाल रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडून टाकायचं. खालचा गंज डोकावतो. चाकांच्या खाचांत आमच्याच शेतातली काळी माती, वस्त्रगाळ करून, गोंदाच्या पाण्यात कालवलेली.

चुकाही केल्या. एका ट्रॉलीवर हौसेनं खरी दळलेली हळद भुरभुरली आणि ती वाळायला गच्चीवर ठेवली. उन्हानं दोन दिवसांत सगळा पिवळा रंग खाल्ला. "हळद उघडी ठेवू नको, ऊन लागंल," असं सुनेच्या मागं लागण्यात माझा जन्म गेला. तेव्हापासून मी पिवळा खडू किसून वापरते, आणि सून माझ्याकडे बघून गालात हसते.

यंदा हिंगोलीला छंदाच्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. मी ठरवलं, आपला घरचा पहिला ट्रॅक्टर बनवून न्यायचा. खरा कधीच मोडीत गेला, पण माझ्या डोक्यात तो जसाच्या तसा उभा होता. दसऱ्याला पुढच्या हुकावर नारळ फोडायचो, त्या पाण्यानं हूक कसा गंजला होता. बॉनेटवर कुंकवाच्या बोटांचे थर. सीटच्या फाटक्या फोमवर बांधलेलं पोतं. आणि उजव्या मडगार्डाच्या आतल्या अंगाला बारीक, वाकडे, एकावर एक ओरखडे. हे ओरखडे काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सुईनं काढले, भिंगातून बघत.

पोरगा बघायला आला. पोरगा म्हणजे त्याचेही केस पिकलेत.

"आई, हितं ब्रश सटकला काय?"

"न्हाई. त्या बांगड्या हायेत."

"कुणाच्या?"

"तुझ्या बापाच्या," मी म्हणाले. "मोठी हौस होती त्यांना."

तो हसला नाही, तेव्हा मग सगळं सांगावं लागलं.

ट्रॅक्टर घरी आला त्याच वर्षी बैलानं आमच्या मालकांच्या डाव्या पायाला अशी लाथ घातली की हाड बसलं, पण जोर गेला. त्या जुन्या ट्रॅक्टरचा क्लच दाबायला डाव्या पायातच जोर लागायचा. सासऱ्यांनी साऱ्या गावात सांगून ठेवलेलं, आता माझा लेक ट्रॅक्टर हाकणार. लेकाचा पाय क्लचवर थरथरायचा. माझे दोन्ही पाय धडधाकट होते. मग आम्ही दोघांनी वाटणी केली. रस्त्याच्या कडेचं तास, म्हणजे नांगराची ती एक रेघ, मालक कशीबशी ओढायचे. आतलं सगळं रान मी.

आणि ही बाई ते कशी करायची? डोक्यावर पदर, तोंडाला फडकं, हातात मनगट दिसू नये एवढा चुडा. कारण काय, तर ट्रॅक्टर चालवला तरी बाई बाईसारखी दिसावी! धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, वळताना नांगर उचलायला उजव्या हातानं सीटशेजारचा दांडा ओढावा लागायचा. दर खेपेला चुडा मडगार्डावर खर्रकन घासायचा. लांबून कुणी येताना दिसलं की मी टुणकन खाली उडी मारून भाकरीचा डबा हातात धरून उभी राहायचे, आणि मालक लंगडत चढून सीटवर बसायचे. जणू आत्ताच मी न्याहारी घेऊन आले! लोक म्हणायचे, "काय तासं ओढलीत राव, दोरी धरल्यासारखी!" मालक खाली बघायचे. मी डब्याचं झाकण लावत लाजायचे. कौतुक त्यांचं आणि लाज मला, एवढी अक्कल होती माझ्यात. ओरखडे कुणाला दिसू नयेत म्हणून मी त्यांवर लाल नेलपॉलिश लावायचे. ती बाई आज समोर आली तर तिच्या हातातला डबा काढून घेऊन तिला परत सीटवर चढवीन.

पोरग्यानं वाकून ते ओरखडे पुन्हा बघितले. मग म्हणाला, "गावात आजबी बाबाच्या तासाचं नाव निघतं. या वयात काहून त्याला खाली पाहायला लावून राहिली तू? एवढा एक भाग लाल करून टाक ना. कुणाला काय समजणार हाये?"

"मला समजतं ना."

"बाबाला इचारलंस?"

"त्यांनी मला इचारलं होतं काय, तास माझ्या नावानं सांगू का म्हणून?"

मालक बाहेर बाजेवर बसले होते. ऐकायला अजून बराबर येतं त्यांना. ते उठले आणि काठी टेकत गोठ्याकडे गेले. मी लाल रंगाची बाटली हातात घेतली, खोटं कशाला सांगू. पण उघडली नाही. एकदा झाकले होते ते ओरखडे. दुसऱ्यांदा माझ्या हातानं झाकणार नव्हते.

प्रदर्शनाच्या दिवशी पोरगा गाडी काढून मुकाट्यानं बसला. मालक येतील असं वाटलं नव्हतं, पण धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ते मागच्या सीटवर हजर. सुनेनं दिलेला जेवणाचा डबा त्यांनी मांडीवर घेतला.

हॉलमध्ये माझ्या ट्रॅक्टरसमोर गर्दी झाली. पदर खांद्यावर घेऊन मी खुर्चीत बसले होते. मालक माझ्या मागं उभे होते. एक शर्ट-पॅंटवाले गृहस्थ वाकून वाकून बघत होते. गंज बघितला, कुंकू बघितलं, मान डोलावली, आणि उजव्या मडगार्डाशी अडकले.

"बाकी सगळं बराबर आहे, पण हे ओरखडे चुकले. इथं कशानं पडतील?"

"बांगड्यांनी," मी म्हणाले. "वळताना नांगर उचलायचे, तेव्हा."

ते मनमोकळं हसले. माझ्याशी बोलणं तिथंच सोडून त्यांनी माझ्या डोक्यावरून मागं बघितलं. "काय काका, आजी मस्करी करतात का? ट्रॅक्टर तर तुम्हीच चालवत असाल ना?"

पोरगा भिंतीकडे बघायला लागला. मी मागं वळले नाही. म्हणतील ते म्हणोत, मी पुन्हा सांगणार होते, आणि या वेळी मोठ्यानं.

मालकांनी घसा खाकरला.

"न्हाई साहेब," ते म्हणाले, आणि हातातला डबा जरा वर धरला. "मी डबा घेऊन येत होतो."