डावी कळी

आमच्या साताऱ्याकडच्या गावात फौजी माणसाला मोठा निर्णय घ्यायचा झाला की तो देवीला कौल लावतो. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. टिंगल म्हणून सांगत नाही. टिंगल मी पत्रकांतून पुष्कळ केली.

माझ्या थोरल्या चुलतभावाची फौजेतली मुदत भरत आली होती. वहिनी म्हणत होती, पेन्शन घ्या आणि घरी या. तो म्हणत होता, अजून दोन वर्षं वाढवून घेतो. शेवटी तो सुट्टीवर आला तेव्हा, मुदत वाढवून घेऊ का, हे देवीवर सोपवलं. त्या वर्षी पूजेची पाळी आमच्या घराकडे होती, म्हणून गाभाऱ्यात मी होतो. वय वीस. लढाई झालीच पाहिजे, देवी आपल्या बाजूची आहे, आपल्या माणसाला काही होत नाही, असं मी कॉलेजात छातीठोक सांगायचो. सीमेवर भाऊ माझा होता ना.

डावी कळी पडली.

बाहेर मंडपात दोघं हात जोडून उभे होते. मी कळ्या ओल्या करून पुन्हा लावल्या. डावी दाबून, उजवी नुसती टेकवली. देवीला प्रश्न नीट कळला नसेल, असं मनाशी म्हणालो. खोटं करतोय असं वाटलंसुद्धा नाही. बाहेर येऊन सांगितलं, देवीनं उजवा कौल दिला. वहिनी पायऱ्या उतरून गेली.

सात-आठ महिन्यांनी गस्तीवर सुरुंग फुटला. भावाचं एक पाऊल गेलं, बरोबरचा जवान जागीच संपला. गाव म्हणालं, देवीनं राखलं. भावानं दवाखान्यात सांगितलं, त्या दुसऱ्याच्याही खिशात त्याच्या गावच्या देवाचा अंगारा होता. माझी श्रद्धा तिथंच सुटली. सुरुंग पेरणाऱ्याच्या घरीही कुणी हात जोडले असतीलच की. देव मधून काढला की युद्धात दोनच जण उरतात, पाठवणारे आणि जाणारे.

पुढं सांगलीत राहिलो. हळदीच्या पेठेत, एसटी स्टँडवर युद्धाविरुद्ध पत्रकं वाटली. पुढारी, पुजारी, टीव्हीवर ओरडणारे, सगळ्यांना झोडपलं. स्वतःला तेवढं वगळलं.

गेल्या महिन्यात साताऱ्याला गेलो. भाऊ तिथं एका कारखान्याच्या गेटवर बसतो. पत्रक बघून त्यानं आधी माझी फिरकी घेतली, पुढारी व्हायचा इचार हाय का म्हणाला. मग मी कौलाचं सगळं सांगून टाकलं. तेवढ्यात ट्रक आला. त्यानं उठून, नकली पाऊल टाकत गेट उघडलं, लावलं, परत येऊन बसला.

"डावी पडल्याली?"

"व्हय दादा."

त्यानं वहीत ट्रकचा नंबर लिहिला.

"मला घरीच यायचं हुतं रं. फौजी माणसानं आपल्या तोंडानं कसं म्हणायचं, आता न्हाई जात? म्हटलं, देवीच म्हणंल."

श्रद्धा माणसाला लढाईवर धाडते, असं मी हजार वेळा छापलं असेल. आमच्या घरात तिनं त्याला थांबायला वाट करून दिली होती. ती बुजवली मी.

"तुझ्या वहिनीला सांगू नगंस," तो म्हणाला. "ती अजून दर मंगळवारी देवळात जाती. चल घरी, जेवून जा."

सांगलीची गाडी चुकेल, असं सांगून मी उठलो. गाड्या संध्याकाळपर्यंत होत्या, आणि ते त्यालाही माहीत होतं.