खंडेनवमीचा टाक

सकीना माही शेजारीन. दोघींच्या घरामधात एकच कुड, तिच्या घरी फोडनी पडली का मले ठसका लागे. तिच्यासारखी सरळ बाई मी दुसरी पायली नाई, अन त्याच सरळपनानं तिचं वाटोळं केलं. आज इतकी वर्सं झाली तरी आठवलं का माह्या अंगाचा तिळपापड होते.

तिचा मानूस जमशेद. आसेगावाकडच्या आमच्या खेड्यात कुलूप म्हना, अडकित्ता म्हना, इळा म्हना, काय मोडलं ते तो नीट करून दे. कधीमधी बंदूकही ये. रानडुकरं उभी जवारी लोळवत, म्हनून इंद्रभान पाटलाच्या घरी ठासनीची बंदूक होती. परवाना मात्र त्याच्या बापाच्या नावाचा. बाप मेला, परवानाही त्याच्यासंगं मेला, अन पाटलानं नवा काई काढला नाई. सरकारदरबारी ती बंदूक कोनाचीच नोयती. गावातलं शेंबडं पोट्टं मात्र सांगीन कोनाची ते.

पाटलाच्या घरची एक रीत होती. खंडेनवमीले हत्यारं पुजली का पाटलीन प्रयागबाई बंदुकीच्या नळीले हळदीचा दोरा बांधे. त्या दोऱ्यात कुळदेवीचा टाक राहे, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली नखाएवढी देवी. जवारी घरात येईपर्यंत तो दोरा सोडायचा नाई. त्या वर्सी दसरा झाला अन बंदुकीचा घोडा अडकला. पाटलानं बंदूक दोऱ्यासकट जमशेदकडे टाकली. जमशेदनं हात धुतले, दोरा सोडला, टाक धुतल्या फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवला. तेलाचे हात देवाले लागू नये, म्हने.

तेवढ्यात जऊळक्याच्या टेसनाकडे दरोडा पडला अन पोलीस गावोगाव झडती घेऊ लागले. जमशेदच्या दारातच, ऐरनीजवळ, बंदूक उघडी पडली होती. त्यानं सांगतलं, पाटलाची हाय, दुरुस्तीले आली. पाटलाले बोलावलं, तर तो म्हने, माह्याकडे बंदूकच नाई. झालं. जमशेदच्या हातात बेड्या पडल्या, अन साऱ्या गावानं तोंडात मिठाची गुळनी धरली. माह्या घरचेही त्यातच. पाटलाचं वावर करत होते ना!

दुसऱ्या दिवशी सकीनानं काय करावं? कोनाड्यातलं फडकं काढलं, डोक्यावर पदर घेतला, अन पाटलाच्या वाड्यावर जाऊन तो टाक प्रयागबाईच्या हातात देला. मी म्हनलं, काहून वं देला? तर म्हने, रुपाबाई, पोलिसाचे बूट फिरले माह्या घरात, दुसऱ्याचा देव तेथ कसा ठेवू? प्रयागबाईच्या डोळ्याले पानी आलं म्हने. सकीना बिचारी त्या पान्यावर इसवास ठेवून घरी आली. तिले वाटलं, आता ही बाई नवऱ्याले समजावीन.

मंग ती वाशीमले गेली, प्रेमसिंग वकिलाकडे. मानूस खरा चांगला होता तो. तुरुंगात जाऊन जमशेदले भेटला, सारं इचारलं, अन परत आला तो खुशीतच. जमशेदनं त्याले टाकाचं सांगतलं होतं. वकील म्हने, बाई, तो टाक आन, ज्या सोनारानं ठोकला त्याले मी कोर्टात उभा करतो, बंदूक पाटलाची हाय हे त्याच्या बापालेही कबूल करा लागीन. तुहा मानूस सुटला समज.

सकीनाच्या तोंडचं पानी पळालं. तिनं सांगतलं, तो तं मी परत देला. वकिलानं हातातला कागद खाली ठेवला. मंग म्हने, जा, मांगून पाय.

मी गेली होती तिच्यासंगं. प्रयागबाई दारात आली, मांगं ओसरीवर पाटील बसून होता. सकीनानं पदर पसरला. प्रयागबाईनं तिच्याकडे पायलंही नाई. उंबऱ्याकडे पाहून म्हने, "सकीना, तू माह्या हातात काई देलं नाई."

मले वाटलं तेथच त्या बाईच्या झिंज्या धराव्या. सकीनानं माहा हात धरला अन मले घरी आनलं.

कोर्टात वकिलानं कसर ठेवली नाई. म्हने, चोरीचं हत्यार कोनी दारात ठेवते काय? घोडा काढेल बंदूक कोनावर चालवायची होती? सकीनानंही उभं राहून टाकाचं सांगतलं. साहेबानं इचारलं, टाक कोठं हाय? आता काय सांगनार? पाटलानं गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली, गावातलं कोनी साक्षीले आलं नाई. साहेब म्हने, मालक सापडत नाई तं ज्याच्या घरी बंदूक सापडली त्याची. दीड वर्स सक्तमजुरी. जमशेदले अकोल्याच्या जेलात नेलं. जातानी तो सकीनाले म्हने, देव परत देला ते बरंच केलं. तिले ते बोलनं उलटं जास्त लागलं.

वर्स फिरलं, खंडेनवमी आली. पाटलानं साहेबांच्या हातापाया पडून परवाना काढला होता, नवी बंदूक आनली होती. साऱ्या गावाले पूजा पाहाले बोलावलं. सकीना येईन असं कोनाले वाटलं नोयतं, पन ती आली. बायांच्या मांगं उभी राह्यली. पाटावर नवी बंदूक, कुंकू लावेल, फुलं वाहेल, अन नळीले हळदीचा दोरा. दोऱ्यात तोच टाक. आमी साऱ्याइनं पायला.

सकीना पुढं आली. आवाज चढवला नाई, रडली नाई. म्हने, "काकी, देव घरी पोचला. माहा मानूस कवा पोचीन?"

प्रयागबाईच्या हातातलं कुंकवाचं ताट कलंडलं. पाटील उठून आत गेला. एवढं पाहूनही साक्षीले कोनी पुढं झालं नाई. सकीना घरी आली अन चुलीपाशी बसली, त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाई.

जमशेद त्या हिवाळ्यात जेलातच तापानं गेला. निरोप आला तवा त्याले तिकडंच पुरलं होतं. सकीनानं ऐरन इकली नाई, दारातच राहू देली, तिच्यावर बसून लोकाइची जवारी निवडे.

त्याच्यानंतर प्रयागबाईनं बंदुकीले कवाच दोरा बांधला नाई. लोक मले कौतुकानं सांगतात ते. मी म्हनतो, बाप्पा, बांधला काय अन नाई काय, सकीनाले त्याचं काय करायचं होतं?