'माझं' नावाचा कप्पा

आमच्या जुन्या नकाशांच्या दफ्तरात त्यांना सगळे काना-मात्रा बाई म्हणत. कुणाच्याही नोंदीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना दारातून दिसायची, आणि ती सांगताना समोरच्याची अब्रू राहील याची त्या अजिबात काळजी घेत नसत. माझी तर रोज खरडपट्टी. तरी सांगतो, माणूस लाखात एक.

नकाशांच्या नोंदी संगणकावर आल्या तेव्हा आम्हाला दोन जागा मिळाल्या. खासगी जागा ज्याची त्यालाच दिसते, कच्च्या कामासाठी. सामायिक जागेत ठेवलेलं सगळ्या टेबलांवर दिसतं. नोंद पक्की झाली की इकडून तिकडे सोपवायची, एवढाच नियम. पण बाई सोपवतील तर शपथ! "अर्धवट काम चव्हाट्यावर मांडायला मला काय वेड लागलंय?" एक शेवटचा हात फिरवायचा राहिलाय म्हणता म्हणता सहा वर्षं गेली, चौदाशे नोंदी झाल्या. साहेबांनी मात्र कधी तगादा लावला नाही.

निवृत्तीच्या दिवशी दुपारी त्या डबा खाऊन आल्या, तर खातं उघडेना. संगणक विभागातला माणूस म्हणाला, "बाराला बंद केलं, बाई. खासगी जागाही पुसली. तीनदा कळवलं होतं की!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "मला वाटलं, संध्याकाळपर्यंत वेळ आहे," एवढंच म्हणाल्या. सहा वर्षांचं काम गेलं असं समजून बसलेला तो चेहरा मला बघवेना. आमचं गुपित फोडणं भाग होतं.

मी माझा संगणक त्यांच्याकडे वळवला. सामायिक जागेत, सगळ्यांच्या कप्प्यांच्या मधोमध, 'माझं' नावाचा कप्पा होता. पहिल्याच दिवशी बाईंनी तो चुकून तिथे उघडला होता. नाव 'माझं', म्हणजे तो फक्त आपल्यालाच दिसतो, अशी त्यांची पक्की समजूत. खऱ्या खासगी जागेत त्यांनी कधी पाऊलच टाकलं नव्हतं.

"म्हणजे सगळं शाबूत आहे?"

"एकूण एक नोंद."

बाईंनी पदराने डोळे पुसले. मग एकदम ताठ झाल्या. "थांब. माझे शेरेसुद्धा?"

"'हा नकाशा साहेबांना दाखवू नये, त्यांना अजून उत्तर कुठली ते कळत नाही.' चहाच्या वेळी मोठ्याने वाचायचो आम्ही."

"आणि एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळं आत नेऊन ठेवलं असतं. मग आम्ही शिकलो असतो कुठून?"

तेवढ्यात साहेब फुलं घेऊन दारात आले. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"बाई, आता मला उत्तर कळते," म्हणत त्यांनी ऐटीत खिडकीकडे बोट दाखवलं.

"ती पश्चिम आहे," बाई म्हणाल्या, आणि आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.