ज्वारीतली फिकट रेघ

आमच्या प्रकल्पाच्या नकाशावर रेघा दोन प्रकारच्या असतात. ज्या जुन्या वाटेविषयी खात्री आहे ती अखंड रेघेने काढायची. नुसता अंदाज असेल तर ठिपक्यांनी. ठिपक्यांची रेघ अखंड व्हायला फोटोतल्या त्या खुणेखेरीज आणखी एक पुरावा लागतो. हा नियम आमच्या सरांचा. सर निवृत्त प्राध्यापक, शनिवार पेठेत राहणारे, आणि नियमाला अपवाद मागणाऱ्याकडे चष्म्यावरून नुसते बघणारे.

मला सापडलेली पहिली रेघ ठिपक्यांची होती. पुण्याच्या पूर्वेकडच्या एका गावाच्या शिवारात, रब्बी ज्वारी कमरेएवढी झाली असताना आम्ही ड्रोनने फोटो काढले होते. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात ते फोटो बघताना मला हिरव्या पिकातून तिरपी जाणारी एक फिकट रेघ दिसली. आजचे बांध सरळ आणि ही रेघ त्यांना न जुमानता तिरपी. जमिनीखाली दगडांचा थर असला की वर माती कमी उरते, ओल टिकत नाही आणि पीक तेवढ्याच पट्ट्यात खुरटते. मध्ययुगातल्या बैलांच्या तांड्यांचा रस्ता असा आजच्या ज्वारीतून वर दिसतो, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी वारज्याला खोलीवर जाईपर्यंत बसमध्ये तोच विचार करत होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तालुक्याच्या गावी वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आणि गावाबाहेर थोडी शेती. नकाशा वाचायला शिकवला तो शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी, फळ्यावर रंगीत खडूने डोंगर काढून. त्या बाईंचे आणि फीसाठी कधी कुरकुर न केलेल्या वडिलांचे ऋण मोठे आहे. म्हणूनच ती रेघ नकाशावर अखंड व्हावी असे मला फार वाटत होते.

दुसरा पुरावा मिळाला तो माझ्या वरिष्ठ सहकारी बाईंना. त्याच फोटोत, माझ्या रेघेला लागून, पिकात गडद हिरवे चौकोन होते. एकाशेजारी एक, ओळीने. जुन्या वस्तीच्या जागी माती राखेने, शेणाने कसदार होते आणि पीक जोमाने वाढते. बाई म्हणाल्या, ही उठून गेलेल्या गावाची घरे. सरांनाही पटले. रस्ता आणि रस्त्याकाठचे गाव, दोन्ही एकमेकांना आधार देत होते. येत्या व्याख्यानात सर ते जाहीर करणार होते आणि माझी रेघ त्याआधी अखंड होणार होती.

चौकोनांना क्रमांक द्यायचे काम माझ्याकडे आले. मोठे करून बघू लागले तसा हात मंदावला. सगळे चौकोन एकाच मापाचे. बांधापर्यंत ओळ जायची आणि तिथून वळून दुसरी ओळ परत यायची. मधे बोळ नाही, चौक नाही, विहिरीची जागा नाही. असे गाव कोण वसवील? पण हे चौकोन मी पाहिले होते, आमच्याच शेतात. पीक निघाल्यावर वडील दरवर्षी मेंढपाळांना बोलावून रानात मेंढ्या बसवायचे. जाळीच्या कुंपणात रात्रभर मेंढ्या कोंडायच्या; त्या कुंपणाला वाघर म्हणतात. लेंड्यांचे खत जमिनीला मिळते. दुसऱ्या दिवशी वाघर शेजारच्या तुकड्यावर सरकते, तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढे. मेंढपाळांना सकाळचा चहा नेऊन द्यायचे काम माझे असायचे. पुढच्या हंगामात तेवढे तेवढे तुकडे गडद हिरवे दिसायचे.

गाव खोडले की माझा दुसरा पुरावा जाणार, हे मला स्पष्ट दिसत होते. पण माहीत असून क्रमांक देत बसणे मला जमणारे नव्हते. मी सरांच्या टेबलाशी जाऊन सांगितले.

सरांनी फोटो जवळ घेतला. "अहो, मेंढ्या इतक्या काटकोनात बसतात?"

"मेंढ्या नाही बसत सर, वाघर बसते."

त्यांनी बोट चौकोनांच्या ओळीवरून बांधापर्यंत नेले आणि दुसऱ्या ओळीने परत आणले. मग बाईंकडे वळून म्हणाले, "म्हणजे आपण लेंड्यांचे उत्खनन करणार होतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला सरळ विचारले, "आणि तुमच्या रस्त्याचं काय? गाव गेलं तर तोही ठिपक्यांतच राहील."

मी म्हटले, "राहू दे. तपासून बघू. रस्ता असेल तर तो दर वर्षी तिथेच सापडेल."

मग आम्ही त्याच शिवाराचे उपग्रहाचे मागच्या वर्षांचे फोटो आणि जुन्या मोजणीचे कृष्णधवल हवाई फोटो शेजारी शेजारी लावले. चौकोन आदल्या वर्षी नव्हते. त्याच्याही आदल्या वर्षी ते शेताच्या दुसऱ्या टोकाला होते. बाईंनी स्वतःच त्यांच्यावर काट मारली. रेघ मात्र प्रत्येक कोरड्या वर्षी होती, त्याच जागी. जुन्या फोटोत ती शेताबाहेर पडून पुढे गेली होती आणि जिथे ती बांधाला भेटत होती तिथे बांध कारण नसताना वळत होता.

ज्वारी निघाल्यावर आम्ही तिघे शिवारात गेलो. मी पहार घेऊन रेघ आडवी ओलांडत गेले. काळ्या मातीत पहार सहज खाली जायची; फिकट पट्ट्यात आली की वीतभर खाली दगडावर खणकन आदळायची, पट्टा संपला की पुन्हा मऊ. पुढच्या शेतातही तसेच. आणि बांध वळतो तिथे, बाभळीखाली, दोन वीरगळ अर्धे गाडलेले उभे होते. कधीकाळी लढताना पडलेल्यांचे ते दगड वाटेकडे तोंड करून उभे करत. या दोघांची तोंडे आमच्या रेघेकडे होती. सरांनी खिशातून रुमाल काढून एका दगडावरची माती पुसली.

कार्यालयात परत आल्यावर त्यांनी मला पेन दिले. ठिपके मीच जोडले. वर त्यांनी आणखी एक काम सांगितले: "त्या मेंढ्यांवर अहवालात एक परिच्छेद लिहा. पुढचा कुणी फसायला नको. आपल्यात तो लिहू शकेल असं दुसरं कोण आहे?"

त्या संध्याकाळी मी वडिलांना फोन करून सगळे सांगितले. मेंढ्या, रस्ता, वीरगळ, अखंड रेघ. 

"एवढं शिकून शेवटी मेंढरंच कामाला आली म्हण की," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "ज्वारी कशी होती तिथली?"

"मेंढ्या बसल्या तिथे चांगली होती. रस्त्यावर खुरटलेली."

"मग बरोबर हाय तुझं," वडील म्हणाले.